उषवदाताचें व्याज

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं पेठ तालुक्यांतील एका लहानशा गांवीं जाण्याचा आम्हांस योग आला. ओढ्याकांठीं बाया ज्या दगडावर धुणें आपटीत होत्या, त्याच्या कडेस चंद्रसूर्य कोरलेले दिसले. पाणी ओतून पाहतों तों खालीं घोडेस्वार! वीरगळच तो. विचारतां एक म्हातारबाबा म्हणाले, “गुरुजी, आमच्या आज्यापासून तो हितंच हाये.” त्या बायांस दोष कसा द्यावा? दगडाची ओळख त्यांस कोणीं करून दिली होती?

बरें, कळवावें तरी कोणास? १९६० च्या राज्य कायद्यानें संरक्षण मिळतें तें अधिसूचित स्मारकांस. यादींत यावयाचें तर कोणी तरी येऊन पाहिलें, मोजलें, टिपलें पाहिजे. जिल्हा वार्षिक योजनेंतील तीन टक्क्यांपर्यंत निधि गडकिल्ले, मंदिरें व संरक्षित स्मारकें यांसाठीं आतां राखतां येतो, ही आनंदाची गोष्ट. परंतु आमचा अनुभव असा कीं पैसा कमानी, फरशा आणि दिवे यांकडे धांवतो. वही घेऊन गांवोगांव हिंडणाऱ्या माणसाच्या पगाराकडे तो सहसा वळत नाहीं. गंमत पाहा, पेठ संस्थान ज्या १८७८ सालीं खालसा झालें, त्याच सालीं दहा रुपयांवरील गुप्तधन सांपडल्यास कलेक्टरास कळविण्याचा कायदा झाला. सोन्याची काळजी सरकारास तेव्हांपासून आहे!

हिशेब कसा करावा हें पाहण्यास वाचकांनीं दूर जाऊं नये; नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यापर्यंत चढून जावें. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं हें लेणें खोदविलें. आणि तेवढ्यावर न थांबतां गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमचे ठेविले. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, केवळ वृद्धि, म्हणजे व्याज, भोगावयाचें. त्यांतील २००० वर दरमहा दरशेंकडा एक. हें उदाहरण आम्हीं सातवीच्या मुलांस नेहमीं घालीत असूं: महिन्याचे २०, वर्षाचे २४०. वर्षावासास राहणारे भिक्षु २०, प्रत्येकाच्या वस्त्रास १२, तेहि २४०. एका कार्षापणाचा फरक नाहीं! उरलेल्या १००० वर पाऊण टक्का, तो इतर किरकोळ खर्चास. हा सारा व्यवहार निगमसभेंत ऐकवून फलकावर नोंदविला, असेंहि लेखांत आहे.

लेणें खोदलें म्हणजे काम संपलें, असें त्यास वाटलें नाहीं. आमच्या घराण्यांतूनहि देवस्थानाकडे वार्षिक अभिषेकासाठीं कायम ठेव ठेवण्याची चाल आहेच. मुद्दल अबाधित, व्याजांतून अभिषेक. मग तालुक्यास एक जाणता माणूस नेमून त्याच्या वेतनाची अशीच कायम तरतूद सरकारानें कां करूं नये? १९५०-५१ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनीं नाशकांत मातीच्या गढीचें उत्खनन केलें, त्याचा वृत्तांत डेक्कन कॉलेजनें १९५५ सालीं छापला. मधल्या वर्षांत खापरें धुणें, जुळविणें, टिपणें हें काम पगारी माणसांवांचून झालें असतें काय?

ओढ्याकांठच्या त्या दगडाची उंची आम्हीं छत्रीनें मोजून ठेविली आहे. दिवाळीनंतर पुन्हां जाऊं तेव्हां टेप नेऊं, आणि म्हातारबाबांच्या नातवासहि बरोबर घेऊं. तो आठवींत आहे.