मोटर केवढी घ्यावी?

उन्हाळा लागला की वाडीतल्या घरांत पाण्याचीच चर्चा सुरू होते. बोअरचे पाणी खाली जाते, गच्चीवरची टाकी भरत नाही आणि मग घरातले कुणीतरी म्हणते, "मोठी मोटर बसवून टाका!" भगिनींनो, पैसे मोजण्याआधी दोन आकडे काढा : पाणी किती उंच चढवायचे आणि मिनिटाला किती लिटर हवे.

समजा, अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीच्या तळापासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंत ११ मीटर उंची आहे. पाइप आणि वळणांत जोर कमी होतो, म्हणून १४ मीटर धरा. यालाच 'हेड' म्हणतात. हजार लिटरची टाकी ४० मिनिटांत भरायची, तर मिनिटाला २५ लिटर हवे. एवढ्या कामाला साधारणपणे अर्ध्या एचपीची मोटर पुरते. दुकानात एचपी विचारू नका, "१४ मीटर हेडला मिनिटाला किती लिटर देते?" असे विचारा. पेटीवरचे सर्वांत जास्त हेड आणि सर्वांत जास्त पाणी एकाच वेळी मिळत नाही. पाइप एक इंची घ्या. अर्धा इंची पाइप चांगल्या मोटरलाही दमवतो.

बोअरचा हिशेब वेगळा. नागपूरच्या पश्चिमेकडचा हा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. इथे पाणी खडकाच्या भेगांतून झिरपते. भेगांतून मिनिटाला १५ लिटर येत असतील आणि मोटर ४० ओढत असेल, तर थोड्याच वेळात ती कोरडी फिरते, तापते आणि जळते. मोठ्या मोटरने पाणी वाढत नाही.

म्हणून मे महिन्यात मोजणी करा. धार तुटू लागली की व्हॉल्व्ह हळूहळू आवळा. धार सलग टिकली की १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते पाहा. नवी मोटर त्याहून जास्त ओढणारी नको. पाणी ४५ मीटर खाली असेल, तर गच्चीपर्यंत हेड ६० मीटरच्या घरात जाते. तिथे मिनिटाला १५ लिटरसाठीही एक एचपीची सबमर्सिबल लागू शकते. जमिनीवर ठेवलेली साधी मोटर मात्र सात मीटरपेक्षा खोलचे पाणी ओढू शकत नाही, मग ती कितीही एचपीची असो.

शेवटची गोष्ट नळाची. नळालाच टिल्लू पंप लावला की आपली टाकी लवकर भरते, पण पुढच्या घरातल्या अम्मींना वुजूपुरतेही पाणी मिळत नाही. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला माहीत आहेच. नळाचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत आपोआप पडू द्या, मग तिथून वर चढवा. त्या कामाला वर सांगितलेली अर्ध्या एचपीची मोटर पुरेशी आहे.