डब्यात काय हाये?

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई माहेरी येते आणि कोजागिरीच्या चांदण्यात तिची बोळवण होते. मधला महिनाभर वऱ्हाडातल्या खेड्यांत आणि अमरावती-अकोल्याच्या जुन्या वस्त्यांत दिवेलागणीनंतर पोरींचा घोळका घरोघर फिरतो. पाटावर मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी. टिपऱ्या वाजतात, सासर-माहेरची गाणी होतात आणि शेवटच्या गाण्याला सगळ्यांचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे लागतात. घरची बाई झाकण घट्ट लावलेला डबा घेऊन बाहेर येते. एकेक पोरगी तो कानाशी धरून हलवते. खडखडला तर फुटाणे नाहीतर शेंगदाणे, सरसरला तर लाह्या किंवा मुरमुरे, अजिबात वाजला नाही तर शिरा. ‘गोड हाये का तिखट?’ ‘भाजेल हाये का तळेल?’ ‘सांग ना वं काकू, पयलं अक्षर तरी सांग!’ खिरापत ओळखली तर पोरी जिंकल्या, नाही ओळखली तर काकू जिंकली. मूठभर खाऊ दोन्ही वेळा मिळतोच. तो खात खात घोळका पुढच्या ओट्यावर.

माझी आई फुटाणे सुती फडक्यात गच्च बांधून डब्यात ठेवायची, म्हणजे डबा कितीही हलवला तरी आवाज यायचा नाही. दिवसभर शेतात राबून आलेली बाई पोरींना चकवायचं कसं याचा विचार करत होती, ही गोष्ट मला आज फार मोठी वाटते. पदार्थ साधाच असायचा. पण तो लपवायला आणि पोरींचे अंदाज ऐकत दारात उभं राहायला तिच्यापाशी वेळ होता, किंवा नसतानाही ती तो काढत होती.

यंदाचा दिवाळी अंक आम्ही लहान लेकरांच्या सणासुदीला वाहिला आहे, आणि त्याची सुरुवात भुलाबाईपासून करण्याचं कारण हेच. लेकरासाठी दिवस खास कसा करावा, हे आपल्या भागातल्या बायांना चांगलं ठाऊक होतं. रोज तोच खेळ, तीच गाणी, तीच वेळ. बदलायचा फक्त डब्यातला जिन्नस. ओळखीच्या गोष्टीत रोज एक छोटं कोडं. आणि ते सोडवायचं काम पूर्णपणे लेकराचं, मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. आता भुलाबाईच्या गाण्यांच्या स्पर्धा होतात, एकसारख्या साड्या नेसलेल्या बाया मंचावर सुरेख गातात. गाणी टिकतात, हे चांगलंच आहे. पण मंचासमोरच्या खुर्चीत बसलेल्या पाच वर्षांच्या पोरीच्या हातात डबा येत नाही. तिला तो देणारं घर हवं, आणि खेळ खरा टिकायचा तो त्या घरातच टिकेल.

आणि लेकरांचं निघालंच आहे तर, मराठीत बालशिक्षणाचा पाया घालणारी बाई काही वर्षं आपल्या अमरावतीत राहत होती, हे इथल्या फार थोड्या घरांत सांगितलं जातं. ताराबाई मोडक १८९२ साली मुंबईत जन्मल्या. १९१५ मध्ये अमरावतीत वकिली करणाऱ्या मोडकांशी त्यांचं लग्न झालं आणि त्या इथं आल्या. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. पदरात लहान मुलगी होती. पुढं भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि १९४५ मध्ये बोर्डीला जाऊन त्यांनी गरिबांच्या मुलांत बालवाडी चालवली. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात आणायची कुठून? ताराबाईंनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं घेतली आणि त्यांतून साधनं केली. पुढं कोसबाडला, मुलं गुरांमागं जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. मुलांच्या अंगणात जाऊन त्यांना शिकवण्याची ही रीत ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी घालून दिली, आणि १९७५ नंतर देशभर अंगणवाड्या निघाल्या.

मारिया माँटेसरींनी एक गोष्ट फार बारकाईनं पाहिली होती: लहान मुलाला खेळण्यापेक्षा खरं काम जास्त आवडतं. खोटी भांडी आणि खरी भांडी समोर ठेवली तर ते खऱ्याकडे जातं. आपण सणावाराला नेमकं उलट करतो. लेकराला नवे कपडे घालतो, हातात मोबाइल देतो आणि सांगतो, ‘तू बस तिकडं, मले काम करू दे.’ घरात आठ दिवस एवढी मोठी धामधूम चालू असते आणि घरातलं सर्वांत उत्साही माणूस तेवढं बिनकामाचं ठरवलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला काम द्या. खरं काम, ज्याच्यावाचून घराचं अडेल असं.

ते कोणतं? वऱ्हाडात तरी उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडं कापसाची वेचणी सुरू होते. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादहीची पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग बाया ओटीत कापूस वेचायला लागतात. त्यातली चार फुटलेली बोंडं घरी आणा आणि लेकराच्या पुढ्यात ठेवा. बोंडातून कापूस ओढून काढायचा, बोटांनी चाचपून सरकी शोधायची, ती सोडवून वाटीत टाकायची, कापूस पिंजून हातावर वात वळायची. चार वर्षांच्या पोराला हे जमतं. वेळ लागतो, घरभर तंतू होतात, वात एका टोकाला दोरी आणि दुसऱ्या टोकाला बोळा अशी होते. तीच वात लक्ष्मीपूजनाच्या पणतीत लावा. नीट करून लावू नका, तश्शी लावा. ज्या मुलखाचा कापूस दीडशे वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या गिरण्यांत जात होता, त्या मुलखातल्या पोरांना कापूस म्हणजे औषधाच्या दुकानातली निळ्या कागदाची गुंडाळी वाटावी, याचं मला खरंच दुःख होतं. शहरात राहत असाल, शेत नसेल, तर गावाकडून येणाऱ्या कोणालाही दोन बोंडं मागा. वऱ्हाडी माणूस पिशवीभर आणून देईल.

घरोघरीच्या आजी-आबाजींना एक विशेष सांगणं आहे. अमरावती-अकोल्याची किती तरी पोरं आज पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत. दिवाळीच्या चार दिवसांसाठी पुण्याहून येणाऱ्या गाड्या आणि खासगी बसगाड्या भरभरून येतात, आणि पहाटे बडनेरा स्टेशनच्या फलाटावर आबाजी स्वेटर घालून उभे असतात. नातवंडं यायच्या आत आजीनं सगळा फराळ करून डबे भरून ठेवलेले असतात. त्यात माया आहे, पण माझी विनंती आहे की सगळा करून ठेवू नका. चिवडा करा, लाडू वळा. करंज्या मात्र पोरं येईपर्यंत ठेवा. पिठाची लाटी, सारणाची वाटी आणि कातणं त्यांच्या हाती द्या. करंजी तेलात फुटेल, सारण बाहेर येईल, आई म्हणेल, ‘राहू द्या ना आई, पसारा होतो.’ होऊ द्या. पुण्याला परत जाताना डब्यातली वाकडी करंजी ते पोरगं ओळखून काढेल आणि ती कोणाला द्यायची नाही म्हणून हट्ट धरेल. तुमच्या हातच्या शंभर सुबक करंज्या त्याला तेवढ्या आठवणार नाहीत.

सणांची आपल्याकडं वाणही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, चाकांचे लाकडी बैल घेऊन पोरं निघतात. आश्विन वद्य पंचमीला मोझरीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सारा जनसमुदाय मौन उभा राहतो, आणि घरी क्षणभर गप्प न बसणारं पोरगं तिथं आईचं बोट धरून चिडीचूप होतं. तीन दिवसांनी आठवी. ही पूजा आई लेकरांच्या सुखासाठी करते, नव्या ज्वारीची आंबील करते. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याला कोणी ते सांगतं का? जवळ बसवून सांगा, ‘बाप्पा, हे तुझ्यासाठी हाये.’ बलिप्रतिपदेला गायगोधन. गोवाऱ्यांचं नाचणं आणि सजवलेल्या गायी बघायला जवळच्या खेड्यात नेलं तर शहरातल्या लेकरासाठी तेवढा एक दिवस पुरतो.

सुट्टीचंही तसंच. दिवाळीनंतर परतवाड्यावरून चिखलदऱ्याकडं मोटारींची रांग लागते. मागच्या सीटवरचं पोरगं परतवाड्यालाच मोबाइलमध्ये शिरतं ते मुक्कामाच्या हॉटेलात बाहेर येतं. त्याला घाटातली वळणं मोजायला लावा. भीमकुंडाच्या काठावर उभं करून तिथंच त्याला कीचकाची गोष्ट सांगा: भीमानं कीचकाला मारून या दरीत फेकलं आणि मग इथं हात धुतले, अशी आख्यायिका आहे. गाविलगडाच्या दगडांवर चढताना फोटो कमी काढा. आणि चिखलदऱ्याचा खर्च नसेल झेपत, तर शेतात रोडगे करा. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे बाहेर काढले की राख झटकायचं आणि फोडून तुपात बुडवायचं काम पोरांना द्या. वांग्याची भाजी तिखट लागेल, डोळ्यांतून पाणी येईल, तरी ते पोरगं पुन्हा मागून घेईल. अशा एका पंगतीचं वर्णन वर्षभर शाळेतल्या प्रत्येक निबंधात येतं, हे कोणत्याही शिक्षिकेला विचारा.

आता जे लिहिल्याशिवाय हे संपादकीय खरं होणार नाही, ते लिहितो. वऱ्हाडात दिवाळी शेताकडं पाहून ठरते. सोयाबीन काढायच्या वेळी पाऊस झोडपून जातो, कापसाला भाव नसतो, आणि मग राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर दुकानाच्या काचेपुढं लेकराचा हात धरून उभा असलेला बाप मान खाली घालतो. त्या बापाला मला सांगायचंय की लेकराची दिवाळी त्या काचेमागं नाही. पण एवढं म्हणून थांबणं हा अप्रामाणिकपणा होईल. गरिबीत आनंद जास्त असतो, असं पोट भरलेल्या लोकांनी म्हणू नये. लेकराला खिरापतीचा डबा द्यायला घरात माय असावी लागते, आणि ती दोन्ही वेळचं खाऊन निवांत बसलेली असावी लागते. मेळघाटातली किती तरी कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामाच्या शोधात गाव सोडतात, ती होळीला परततात. मधले महिने त्यांची लेकरं वीटभट्टीवर किंवा परक्या शेताच्या बांधावर असतात. त्यांच्या गावची अंगणवाडी तिथंच राहते, ती त्यांच्यामागं जात नाही. ताराबाईंनी शाळा मुलांमागं नेऊन जे केलं, ते आज कामाच्या ठिकाणी करून दाखवणं ही सरकारची आणि आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे. वीटभट्टी ज्यांची आहे, शेत ज्यांचं आहे, त्यांनी यंदा आपल्या घरचा फराळ त्या पोरांपर्यंत नेण्याबरोबरच त्यांना बसायला सावली, प्यायला पाणी आणि दिवसातला तासभर त्यांच्याकडं बघणारं एक माणूस द्यावं. ही भीक नव्हे, मजुरीइतकंच ते देणं आहे.

काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी घरांत फराळाच्या ताटाशेजारी अंक असतो. पण तो मोठ्यांच्याच हातात राहतो. म्हणून यंदा आम्ही दोन गोष्टी केल्या आहेत. अंकातल्या बालकथा मुद्दाम लहान ठेवल्या आहेत, जेवणानंतर मोठ्यानं वाचून दाखवता येतील एवढ्या. रोज एकच वाचा. पोरगं ‘अजून’ म्हणालं तरी उद्यासाठी राहू द्या. आणि शेवटची चार पानं कोरी सोडली आहेत. जाहिरातदारांनी त्या जागेचा आग्रह धरला नाही, त्यांचे मनापासून आभार. त्या पानांवर तुमच्या लेकरांनी या दिवाळीत आपण कोणतं काम केलं त्याचं चित्र काढावं, किंवा सांगावं आणि तुम्ही लिहून घ्यावं. शुद्धलेखन तपासू नका. वऱ्हाडीत सांगितलं तर वऱ्हाडीतच लिहा.

तुळशीचं लग्न लागायच्या आत ती पानं फाडून कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा, किंवा अंक जिथून घेतला त्या दुकानदाराकडं द्या. जेवढी येतील तेवढी सगळी पुढच्या वर्षीच्या अंकात छापू. निवड करणार नाही आणि बक्षीसही ठेवणार नाही.