गहू पुन्हा खावा, पण तपासणीसाठी

गहू बंद केला, पोट शांत झाले, म्हणजे गहूच बाधत होता, असे ठरवून मोकळे होण्याची पद्धत आपल्या वस्त्यांत अलीकडे फार दिसू लागली आहे. कोणी शेजाऱ्याचे ऐकून पोळी सोडतो, कोणी मोबाइलवर काही पाहून. महिना-दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि घरात दोन चुली सुरू होतात. पुढे कधी डॉक्टरांकडे गेल्यावर ते सांगतात, "तपासणी करायची तर आधी पुन्हा गहू खायला लागा." मग घरची मंडळी चिडतात. जे सोडून माणूस बरा झाला तेच त्याला पुन्हा खाऊ घालायचे, ही कसली वैद्यकी? आमच्या मते डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे, आणि थोडा त्रास सोसूनही कुटुंबाने ते ऐकावे.

कणीक मळली की तिला जो ताण येतो तो ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे. ज्वारी-बाजरीच्या पिठात ते नसते, म्हणून भाकरी थापावी लागते, पोळीसारखी लाटता येत नाही. गहू आणि जव ही आपल्याकडची ग्लूटेनची धान्ये. काही माणसांच्या पोटात हे प्रथिन गेले की शरीराची संरक्षणशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या अंगाला टॉवेलावर असते तशी बारीक लव असते, तीच अन्नरस शोषून घेते. ही लव झिजून सपाट होते. या विकाराला सीलिॲक म्हणतात. त्यात जुलाब आणि पोट फुगणे असतेच असे नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढणारे रक्त, उंची खुंटलेले मूल, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे आलेले, अशीही त्याची रूपे असतात. खेड्यात अशा मुलाला वर्षानुवर्षे जंतांचे औषध दिले जाते.

हा विकार गोऱ्यांचा, आपल्याकडे नाही, असा समज जुना झाला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात शेकडा 1.23 लोकांना सीलिॲक आढळला, तर भात खाणाऱ्या दक्षिणेत शेकडा 0.10 लोकांना. भोपाळ, सीहोर, विदिशा, रायसेन हा तर गव्हाचाच मुलूख. आपल्यापैकी ज्यांचे वाडवडील विदर्भ-खानदेशाकडून इकडे आले, त्यांच्या ताटातली भाकरीही हळूहळू मागे पडून पोळी आली.

आता पुन्हा गहू कशासाठी, ते पाहू. सीलिॲकची पहिली तपासणी रक्ताची. ग्लूटेनला चिडून शरीराने जी प्रतिद्रव्ये तयार केलेली असतात ती त्यात मोजतात. टीटीजी या नावाने ही तपासणी ओळखली जाते. दुसरी तपासणी दुर्बिणीची. तोंडातून नळी घालून लहान आतड्याचे बारीक तुकडे काढतात आणि लव झिजली आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गहू सोडला की काही महिन्यांत प्रतिद्रव्ये उतरतात, लवही पुन्हा उगवू लागते. मग रोग असूनही कागदावर "काही दोष नाही" असे उमटते. पीक कापून झाल्यावर शेतात कोणती कीड होती ते शोधायला जाण्यासारखेच हे.

या विद्येचा पायाच मुळी गहू काढून घेण्यात आणि परत देण्यात आहे. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा उपासमारीतही ही मुले सुधारली. पुढे रुग्णालयात मुलांना गहू वगळून आणि परत देऊन त्यांनी मोजमापे घेतली आणि 1950 साली आपला प्रबंध सादर केला. युरोपातील बालरोगतज्ज्ञांनी 1970 च्या सुमारास घालून दिलेल्या नियमाप्रमाणे तर मुलाच्या आतड्याचा तुकडा तीन वेळा काढावा लागे: आधी, गहू बंद केल्यावर, आणि पुन्हा सुरू केल्यावर. 1990 मध्ये तो नियम सैल झाला. आज पहिल्याच वेळी, गहू चालू असताना, नीट तपासणी झाली तर पुन्हा गहू खाण्याची पाळीच येत नाही. म्हणून आमचे पहिले सांगणे हेच, की संशय आला तरी तपासणी होईपर्यंत पोळी सोडू नका. सोडून थोडेच आठवडे झाले असतील तर वेळ न घालवता रक्त द्या, अजून उत्तर मिळू शकते.

ज्यांना सोडून बरेच महिने झाले, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरुवात करावी. साधारण रिवाज असा की दिवसातून एकाहून अधिक जेवणांत गहू घ्यायचा आणि निदान सहा आठवडे चालू ठेवायचा. एका मध्यम पोळीत सुमारे अडीच ग्रॅम ग्लूटेन असते, तेव्हा दिवसाला दोन-तीन पोळ्या पुरतात. ज्याला सोसवत नाही त्याच्यासाठी रोज एखादी पोळी दोन आठवडे खाऊन तपासण्याचीही वाट आहे. मात्र अशा वेळी रक्ताबरोबर दुर्बीणही लागण्याचा संभव अधिक. हा काळ शेतकऱ्याने आपल्या सोयीने निवडावा. काढणीच्या ऐन धांदलीत, चैत्राच्या उन्हात, जुलाब लागलेले बरे नव्हेत.

हे सर्वांसाठी नाही, हेही तितकेच खरे. गहू खाताच ज्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो, त्याला सीलिॲक नसून गव्हाची ॲलर्जी असू शकते. त्याने घरी प्रयोग म्हणून घासभरही गहू खाऊ नये, जिवावर बेतेल. लहान मूल, वाढीच्या वयातली मुलगी, गरोदर बाई यांच्या बाबतीत निर्णय तज्ज्ञानेच घ्यावा. बहुतेक वेळा तो पुढे ढकलतात. आणि ज्याला पुन्हा खाण्याची फारच धास्ती वाटते, त्याच्यासाठी एक सोय आहे. डीक्यू-2 आणि डीक्यू-8 या आनुवंशिक खुणांची रक्ततपासणी गहू न खाताही होते. या दोन्ही खुणा नसतील तर सीलिॲक जवळजवळ नाहीच, प्रश्न मिटला. असतील तर मात्र तेवढ्यावरून रोग सिद्ध होत नाही, कारण त्या पुष्कळ निरोगी माणसांतही असतात.

पुन्हा खाल्ल्यावर पोट बिघडले, म्हणजे सिद्ध झाले, असेही कोणी समजू नये. गव्हात ग्लूटेनखेरीज फ्रुक्टन नावाची एक साखरेच्या जातीची वस्तू असते. ती कांद्या-लसणातही असते. नॉर्वेतील संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सीलिॲक नसलेल्या पण गहू बाधतो म्हणणाऱ्या 59 जणांना काय दिले ते न सांगता खाऊ घातले. त्रास ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टनने अधिक झाला. अशा माणसाने जन्मभर पोळीला मुकण्याचे कारण नाही, प्रमाण कमी केले तरी भागते. तपासणीचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठीच. सीलिॲक असेल तर सणासुदीचा लाडू, बाफल्याचा एक तुकडा, पाहुण्याकडची शेवयांची खीर, काहीच चालत नाही, आणि ते आयुष्यभर. नसेल तर एवढी शिक्षा कशाला? शिवाय रोग ठरला की आईबाप आणि भावंडांचेही रक्त तपासावे लागते. सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला तो निघतो. नुसते "मला गहू सोसत नाही" म्हणणाऱ्याच्या भावंडांना कोणी तपासायला नेत नाही.

देशी गहू बाधत नाही, संकरित बाधतो, हेही वारंवार कानी येते. शरबती गव्हाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याची पोळी मऊ होते यात शंका नाही. पण शरबती असो, सी-306 असो की महाराष्ट्रातला खपली, ग्लूटेन सगळ्यांत आहे. सीलिॲकच्या रुग्णाला यांतले काहीही देऊ नये.

रोग पक्का झाल्यावर शेतकऱ्याच्या घरचे काम वाढते. सोयाबीनने मागे रेटलेली ज्वारी घरापुरती पुन्हा पेरता येईल, मका आणि तांदूळ आहेतच, मंडला-दिंडोरीकडची कोदो-कुटकीही चालते. अडचण गिरणीत आहे. गव्हाच्या मागोमाग त्याच दगडावर ज्वारी दळली की पिठात गहू आलाच. घरचे जाते पुसून पुन्हा मांडावे, नाहीतर छोटी घरघंटी रुग्णापुरती ठेवावी. गव्हाची पोती ज्वारीला वापरू नयेत. बांधानी हिंगातही बहुधा कणीक असते, हे पुष्कळ सुगरणींना ठाऊक नसते.

राहिला ख्रिस्तप्रसादाचा प्रश्न. मिस्साची भाकर गव्हाचीच असावी लागते. ग्लूटेन पूर्णपणे काढलेली भाकर चालत नाही, हे रोमहून 2003 मध्ये आणि पुन्हा 2017 मध्ये स्पष्ट झाले आहे. मात्र अत्यल्प ग्लूटेनची भाकर ग्राह्य आहे, आणि तीही ज्याला सोसत नाही त्याला केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो. त्यात उणे काही नाही. ज्यांचे निदान झाले आहे त्यांनी मिस्साच्या आधी फादरांना सांगून ठेवावे, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळा कटोरा ठेवता येईल. वेदीवरच्या मुख्य कटोऱ्यात भाकरीचा कण सोडलेला असतो, त्यातून त्यांनी घेऊ नये.