समन्स आले की विद्यार्थ्याला सोबत न्या

एमबीबीएसच्या मुलांशी न्यायवैद्यक मनोविकारशास्त्राचा विषय काढा. गुन्हेगारी मालिकेतल्या थंड डोक्याच्या खुन्याबद्दल ती भरभरून बोलतात. 'यात करिअर करशील का?' असे विचारले की मात्र उत्तर येते, 'कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार, सर?' त्यांना दोष देता येत नाही. फॉरेन्सिकच्या पेपरसाठी खरे वेड आणि वेडाचे सोंग यांतल्या फरकांचा तक्ता पाठ करायचा, मानसोपचाराच्या पोस्टिंगमध्ये ओपीडी पाहायची. या दोहोंच्या मधला माणूस त्यांना दिसतच नाही.

तो माणूस आपल्याला ठाऊक आहे. पोलीस पहाऱ्यात आणलेला कच्चा कैदी. सोबत न्यायालयाचे पत्र, 'मानसिक स्थितीबाबत अहवाल द्यावा.' निवासी डॉक्टर तपासणी नीट करतो, निदान लिहितो आणि तिथेच थांबतो. पण नुसत्या निदानाने न्यायालयाचे काम भागत नाही. आरोप काय आहे हे या माणसाला आज समजते का, वकिलाला तो आपली बाजू सांगू शकतो का, हा एक प्रश्न. तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ चा. कृत्य करताना त्याचे स्वरूप किंवा ते चूक आहे हे मनोविकारामुळे त्याला कळत नव्हते का, हा न्याय संहितेच्या कलम २२ चा प्रश्न पूर्णपणे वेगळा. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण खटल्याला सामोरे जाण्यास सक्षम असू शकतो, हे आम्ही किती विद्यार्थ्यांना समजावून सांगितले?

हा घोळ कागदापुरता राहत नाही. आसामचे माचांग लालुंग १९५१ मध्ये पकडले गेले, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले गेले आणि २००५ मध्ये सुटले. चोपन्न वर्षे, खटला न चालता. वेळेवर पाठपुरावा करणारा एक डॉक्टर तिथे हवा होता. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार फाशी कमी करण्याचे कारण ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मान्य केले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगात मानसिक आरोग्य आस्थापना मागतो. हे सगळे करणार कोण?

मुलांच्या मनातली धास्ती बरीचशी आमच्याकडूनच आलेली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. समन्स आले की वरिष्ठ निवासी डॉक्टरांसमोरच वैतागतात, साक्ष कशीबशी उरकून परत येतात, आणि उलटतपासणीत काय विचारले हे युनिटमध्ये कुणी सांगत नाही. बंगळुरूच्या निमहान्समध्ये या शाखेचे स्वतंत्र प्रशिक्षण मिळते. पण तिथवर जाण्याची इच्छा आपल्या वॉर्डातच जागी व्हायला हवी. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत शिकवण्याजोगी प्रकरणे आहेत. इंटर्नला एक तरी सक्षमता-तपासणी बसून पाहू द्या. पुढच्या साक्षीला एका विद्यार्थ्याला सोबत न्या, त्याला मागच्या बाकावर बसवा आणि परतताना गाडीत त्याचे प्रश्न ऐका.

ओळख पटेल असा सर्व तपशील काढून आपले अहवाल आमच्याकडे पाठवा. पुढील अंकापासून दरमहा एक अहवाल, त्यावरच्या उलटतपासणीच्या प्रश्नांसह, आम्ही विद्यार्थ्यांसाठी छापणार आहोत.