दीड वर्षाची प्रवासिनी

लहान मूल घेऊन लांबच्या प्रवासाला जाऊ नये असे सांगणारे लोक बहुधा स्वतः मोठेपणीही फारसे कुठे गेलेले नसतात. माझी लेक आणि जावई येत्या नोव्हेंबरात आमच्या दीड वर्षाच्या नातीला घेऊन कोकणात निघालेत. झोपण्या-रांधण्याची सोय असलेली कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायची आणि दिवेआगरपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे. हे कळल्यापासून नातेवाइकांत नुसता गहजब! मला विचाराल तर, जरूर जावे. आमच्या लहानपणी आया कडेवर पोर घेऊन बोटीने कोकणात जात. बोट बंदराबाहेर उभी राही आणि मधले अंतर हेलकावणाऱ्या पडावातून. त्यापेक्षा ही चाकांवरची खोली कितीतरी बरी.

माझी तक्रार आहे ती त्यांच्या वेळापत्रकाबद्दल. रोज नवा मुक्काम! नकाशावर बागमांडला ते वेसवी अंतर बोटभरसुद्धा नाही. पण मध्ये बाणकोटची खाडी आहे. पुढे दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड. फेरीबोटीत गाडी चढते हे खरे, पण बोटीची वाट बघावी लागते, आणि दीड वर्षाच्या माणसाला वाट बघता येत नाही. वाड्यांमधले रस्ते तर विचारूच नका. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर फणसाच्या फांद्या. उंच गाडी तिथे मुंगीच्या पावलांनीच जाणार.

"ती मागे खेळेल," असे लेक म्हणते. चालत्या गाडीत मूल मोकळे सोडायचेच नसते. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा खास आसन नसेल तर १००० रुपये दंड आहे. दंडाचे एक वेळ सोडा, वळणावर करकचून ब्रेक लागला तर? आणि बांधून बसवलेले पोर तास-दीड तासाच्या वर गप्प राहत नाही. म्हणजे दिवसाचा खरा प्रवास तेवढाच.

जावईबापूंना वाळूवरच गाडी लावून झोपायचे आहे. इथे मात्र मी सरळ नाही म्हटले. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणून चारने भागा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे चतुर्थीच्या रात्री नऊला ओहोटी बघून कोरड्या वाळूत गाडी लावाल, तर पहाटे तीनला पाणी चाकांशी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर आणखी वर. शिवाय वेळाससारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. तिथे दिवे आणि गाड्या नकोतच. त्यापेक्षा गावातल्या कुणाच्या अंगणात विचारून गाडी लावा. नातीला चार माणसे भेटतील, आणि गरम मऊ भातही मिळेल. (वापरलेले डायपर मात्र गावात टाकायचे नाहीत. बंद डब्यातून शहरात परत आणायचे. त्या गावांनी तुमचा कचरा का सांभाळावा?)

मला खरी धास्ती आहे ती विंचवाची. कोकणातल्या लाल विंचवाचे विष मोठ्यांपेक्षा लहान मुलांना फार घातक. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाने असे रुग्ण वाचवता येतात हे दाखवले. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध वेळेत मिळायला हवे ना! म्हणून प्रत्येक मुक्कामापुढे जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचे नाव आणि तिथवरचा वेळ लिहायला सांगितले आहे. १०८ क्रमांक आहेच, पण घाटरस्त्याला रुग्णवाहिकाही वेळ घेणार. ज्या गावापुढे एका तासाच्या आतले रुग्णालय लिहिता येणार नाही, तिथे रात्र काढायची नाही. मग किनारा कितीही निर्मनुष्य आणि सुंदर असो.

या अटीपायी यादीतले दोन मुक्काम गळले. जावईबापू जरा हिरमुसले आहेत. गुहागरपुढे '१ दिवस' होते, तिथे मी ३ केले आहेत. लेकीने अजून तरी ते खोडलेले नाही.