विहाराला कुलूप आणि लेकरू धुऱ्यावर



तुमच्या मिटिंगा रात्री आठला सुरू होतात. आठला मी चुलीपुढं असते. म्हणून जे तिथं बोलता येत नाही ते इथं लिहिते.

मी मारेगावची. बारावीपर्यंत शिकले आणि रोजानं शेतात जाते. पावसाळ्यात निंदण, दिवाळीपासून कापूस. पोरगी दहा वर्षांची, पोरगं दीड वर्षाचं. नवरा दिवसा गवंड्याच्या हाताखाली आणि रात्री चळवळीत. चळवळीत जातो म्हणून माझी तक्रार नाही. चळवळीला माझं घर दिसत नाही, ही तक्रार आहे.

वेचणीचा हिशेब किलोवर असतो. सकाळी कमरेला ओटी बांधली की जेवढे हात चालले तेवढे पैसे. पोरगं घरी ठेवलं तर दिवसाला माझा चाळीस किलो कापूस होतो. सोबत नेलं तर पंचवीसच्या वर जात नाही. रडला, थांबा. पाजायचं आहे, थांबा. धुऱ्यावर जुन्या साडीची झोळी बांधली तरी कान तिकडंच. मालकाला मजुरी कापावी लागत नाही, त्याचा काटाच कापतो. ते पंधरा किलो कोणत्याच वहीत लिहिलेले नाहीत.

आणि धुऱ्यावर ठेवायचं तरी कसं? २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं शेतकरी मेले, मजूर मेले. पंप पाठीवर घेणाऱ्या बाप्यांच्या बातम्या आल्या. त्याच पऱ्हाटीत दिवसभर वाकणाऱ्या बाईची आणि तिच्या झोळीची बातमी मी तरी वाचली नाही.

मग लेकरू घरी राहतं. कोणाजवळ? दहा वर्षांच्या बहिणीजवळ. दिवाळीची सुट्टी संपते, तिची संपत नाही. गुरुजी घरी आले, म्हणाले, पोरीची हजेरीच नाही. काय सांगू त्यांना? तिच्या पाठीवरचं दप्तर मीच काढलं आणि तिच्या कडेवर भाऊ दिला. तुम्ही वस्तीच्या भिंतीवर निळ्या रंगात ‘शिका’ लिहिलं आहे. त्याच भिंतीला टेकून माझी पोरगी भावाला खेळवते.

अंगणवाडी आहे ना, असं म्हणाल. आहे. तीन वर्षांच्या वरच्या लेकरासाठी, तेही काही तास. मी निघते सूर्य वर येताना, परतते अंधार पडताना. दीड वर्षाच्या पोराला तिथून खाऊचं पाकीट मिळतं, सांभाळ मिळत नाही. सेविकाबाईला बोल लावू नका. सरकार तिच्या कामाला काम म्हणत नाही, पगाराला पगार म्हणत नाही, मानधन म्हणते. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका संपावर बसल्या तेव्हा आपल्यातले किती जण त्यांच्या मांडवात गेलो?

आता कायद्याचं सांगते. तुमच्याच शिबिरात ऐकलेलं तुम्हालाच सांगते. २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतिणीच्या बिलावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि तो भार सरकारनंही उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ ला मुंबई प्रांतात कायदा झाला. पुढं व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं हाती आल्यावर त्यांनी १९४३ साली खाणीतल्या बायांच्या प्रसूतीच्या कायद्यात दुरुस्ती मांडली. संविधानात बेचाळीसावं कलम आलं. १९६१ चा कायदा आला, २०१७ ला त्यात सव्वीस आठवड्यांची रजा आली, पन्नास कामगार असतील तिथं पाळणाघर आलं. कारखाना, खाण, चहाचा मळा, दुकान, ऑफिस. शेत कुठं आहे? आमच्या शेजारी वणीला कोळशाच्या खाणी आहेत. खाणीतल्या बाईला कायदा लागला, खाणीच्या अलीकडच्या पऱ्हाटीत वाकलेल्या बाईपर्यंत तो आलाच नाही.

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात लिहिलं होतं की सहा वर्षांखालची पाच लेकरं कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. मी तीन कामांवर गेले. एकदा विचारलं. हजेरी घेणारा हसला.

तो हसला त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते आपल्या लोकांचं.

मागच्या दिवाळीआधी मी मिटिंगमध्ये उभी राहिले. म्हटलं, वेचणीचे तीन महिने विहार दिवसा उघडा ठेवा. नाहीतरी वंदनेशिवाय त्याला कुलूपच असतं. एक म्हातारी माय बसवू. लेकरामागं रोजचे दहा रुपये आम्ही देऊ, उरलेले जयंतीच्या वर्गणीतून द्या. ती वर्गणी आमच्या वेचाईतूनच जाते आणि डीजेत वाजते. तर उत्तर आलं, “वहिनी, हा घरगुती प्रश्न हाये, तुमी समाजाचं बोला ना.” मागून एक जण म्हणाला, “रमाईनं केवढं सोसलं, तुमाले एवढंसं होत नाही काय?”

दादा, रमाईचं नाव घेतलंत तर पुरतं ऐका. तिनं गोवऱ्या थापल्या. तिची चार लेकरं गेली. तुम्ही त्याला त्याग म्हणता, हार घालता. ती चारही लेकरं जगली असती तर रमाई लहान झाली असती काय? राजरत्न १९२६ ला गेला तेव्हा बाबासाहेब किती मोडले होते ते त्यांच्या पत्रात आहे. दोन वर्षांनी तेच बाबासाहेब कौन्सिलात बाळंतिणीसाठी उभे राहिले. या दोन तारखांचं नातं मला दिसतं. कागदोपत्री पुरावा नाही माझ्याजवळ, आई म्हणून सांगते. जे तिला सोसावं लागलं ते दुसऱ्या बाईनं सोसू नये म्हणून तो माणूस भांडला. आणि तुम्ही तिचंच सोसणं आमच्यापुढं फेकता?

घरगुती म्हणे. १९४२ च्या जुलैत नागपूरला आपल्या बायांची परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. गिरणीतल्या, विडी कारखान्यातल्या बायांना रजा द्या, असा ठराव तिथं झाला. आमच्या आज्या तेव्हा हे समाजाचं समजत होत्या.

माझ्या नवऱ्याचंही सांगते. एकदा तो पोराला घेऊन मिटिंगला गेला. तिथं कोणीतरी म्हणालं, “आज बायको झाला काय बे?” सगळे हसले. पुन्हा त्यानं नेलं नाही. तो माणूस वाईट नाही, पण त्या एका हसण्याला भ्याला. हसणाऱ्यांत हे वाचणारेही असतील.

आम्ही पाच जणी तयार आहोत. पोडावरच्या दोन कोलाम बायाही येतो म्हणतात. येत्या हंगामात पहिल्या वेचणीच्या दिवशी सकाळी सातला आम्ही लेकरं घेऊन विहारापुढं येऊ. चावी ज्याच्याजवळ आहे त्यानं यावं. कुलूप दिसलं तर लेकरं ओट्यावर ठेवू आणि माय तिथंच बसेल, उन्हात. ज्याची त्या दिवशी रोजी नसेल त्यानं दोन तास तिच्या मदतीला यावं. हागलं-मुतलं धुवावं लागेल, आधीच सांगून ठेवते.