काँप्युटरच्या पोटातले कप्पे

शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनचे, स्कॉलरशिपचे फॉर्म आता काँप्युटरवरच भरावे लागतात. त्यासाठी जातीचा दाखला, मार्कशीट, आधार कार्ड आपण दुकानातल्या काँप्युटरवर स्कॅन करून घेतो. काम झाले की दुकानदार म्हणतो, "डिलीट केलं, काळजी करू नका." पण कागद खरोखर पुसला जातो का? हे प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

आमच्या कारकुनी भाषेत सांगायचे तर हार्ड डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम. तिच्यात सारख्या मापाचे लाखो कप्पे असतात. त्यांना ब्लॉक किंवा क्लस्टर म्हणतात. विंडोजमध्ये साधारणपणे एक कप्पा 4,096 बाइटचा, म्हणजे 4 केबीचा असतो. 200 केबीचा दाखला ठेवायला असे 50 कप्पे लागतात. ते लागोपाठचेच मिळतील असे नाही. म्हणून कोणत्या फाईलचे तुकडे कोणत्या कप्प्यांत आहेत, याचे रजिस्टर काँप्युटर ठेवतो.

एका कप्प्यात दोन फाईली बसत नाहीत. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह 3 बाइट घेते. हजार चिन्हांचे पत्र 3,000 बाइटचे झाले, तरी ते अख्खा कप्पा अडवते. उरलेली जागा रिकामी राहते. पत्र 4,097 बाइटचे झाले, तर एका बाइटसाठी दुसरा कप्पा लागतो!

आता मुद्द्याची गोष्ट. डिलीट केलेली फाईल आधी रिसायकल बिनमध्ये जाते. तिथून काढली, तरी फक्त रजिस्टरातली नोंद रद्द होते. कप्प्यातला मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, तसाच पडून असतो. जाणकार माणूस तो बाहेर काढू शकतो.

म्हणून कागदपत्रे आपल्या पेन ड्राईव्हमध्येच ठेवावीत व काम तिथूनच करावे. पेन ड्राईव्ह एकदम ओढून काढू नये. नोंद अर्धवट राहिली तर फाईल सापडत नाही. जुना काँप्युटर विकताना हार्ड डिस्कला 'क्विक फॉरमॅट' न करता पूर्ण फॉरमॅट करावे. आणि चुकून मुलांचे फोटो डिलीट झाले, तर त्या पेन ड्राईव्हवर नवे काहीही न भरता तो जाणकाराकडे न्यावा. कप्पे भरले गेले नसतील, तर फोटो परत मिळू शकतात.